आर्डिथ कोलस्टाडचा डावा हात

दर महिन्याच्या एक तारखेला, न्याहारीची बशी धुऊन झाली की आर्डिथ कोलस्टाड स्वयंपाकघरातल्या टेबलाशी निळी वही घेऊन बसायची आणि स्वतःची बिनपाण्याने हजामत करायची. ही रीत तिच्या नवऱ्याने, ऑरिनने घालून दिलेली. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारायची. रेघेच्या एका बाजूला 'आहे', दुसऱ्या बाजूला 'नाही'. पोकर खेळणारी म्हणून आपल्यात काय आहे आणि काय नाही, ते लिहायचं. ऑरिनचं म्हणणं असं, की टेबलावरच्या सात जणांना फसवायला अक्कल लागते, पण आठव्या खुर्चीतल्या माणसाला कुणीही फसवतं, कारण ती खुर्ची आपली असते. ऑरिनला जाऊन नऊ वर्षं झाली होती, तरी बाईने एक महिना चुकवला नव्हता. चर्च मात्र ती बिनदिक्कत चुकवायची.

वहीत खोटं नसायचं. 'नाही'च्या बाजूला लिहिलेलं असे: राण्यांची जोडी टाकवत नाही. जिंकायला लागले की तोंड सुटतं. टाय लावलेल्या पुरुषाला उगाच घाबरते. 'आहे'च्या बाजूला: कोणी किती पत्ते बदलले, ते डाव संपेपर्यंत लक्षात राहतं. हरत असले तरी जेवणाच्या वेळेला उठते. आणि या सगळ्याच्या वर, पहिल्या ओळीत, नऊ वर्षं न बदललेले दोन शब्द: हात स्थिर.

अडुसष्ट सालच्या मे महिन्यात ती या पहिल्याच ओळीवर अडली. पेन्सिल कागदाला नुसती टेकलेली. वहीच्या कडेला तिचा डावा हात ठेवलेला होता, पण त्याच्याकडे ती बघत नव्हती. बघायची छातीच होत नव्हती. शेवटी तिने पहिली ओळ कोरी सोडली आणि दुसऱ्या ओळीपासून लिहायला लागली.

याची सुरुवात मार्चमध्ये मॅग्नोलिया क्लबात झाली होती. गार्डिना गावातले पत्त्यांचे क्लब सकाळी नऊला उघडायचे. दारूचा थेंब नाही, वाद्यं नाहीत, नुसते पत्ते आणि बरं जेवण. आर्डिथ साडेनऊला काखेत उशी मारून हजर व्हायची, कारण क्लबाच्या खुर्च्या पाठीला लागतात. खिडकीजवळच्या टेबलावर तिच्या डाव्या हाताला ऑग्डन प्रूइट बसायचा. हा निवृत्त न्हावी, तोंडाचा फटकळ, कात्री ठेवली तरी जीभ चालूच. समोर शिग मोरिनागा. त्याची गावाबाहेर कार्नेशनच्या फुलांची शेती होती. पहाटे फुलं बाजारात पाठवून तो इथे यायचा आणि दिवसभरात मोजून दहा वाक्यं बोलायचा. बाकीच्या खुर्च्यांवर माणसं येत-जात असत.

या टेबलावरचं एक ठाम मत होतं: हात थरथरला की पत्ते खरे. थाप मारणारा माणूस दगडासारखा बसतो, श्वाससुद्धा जपून घेतो. ज्याच्या हातात खरोखर चार एक्के आलेत, त्याला मात्र स्वतःला आवरता येत नाही. म्हणून कुणाचं बोट थरथरताना दिसलं, की शहाण्याने पत्ते टाकावेत आणि कॉफी मागवावी.

मार्चमध्ये एके दिवशी आर्डिथच्या हातात तीन राजे आले. तिने पैसे लावले, पत्ते उपडे ठेवले आणि त्यांवर डावा हात ठेवला. अंगठा हलला.

"अरे देवा!" प्रूइट ओरडला. "आर्डिथ, तुझा अंगठा बोलायला लागला की गं! घे बाई, घे. मी नाही तुझ्या वाटेला येत."

सगळ्यांनी पत्ते टाकले. आर्डिथला लाज वाटली. एक एप्रिलला तिने 'नाही'च्या बाजूला इमानदारीत लिहिलं: चांगले पत्ते आले की अंगठा हलतो. पण त्याच आठवड्यात नव्व्यांच्या एका फुटकळ जोडीवर अंगठा हलला, आणि तेव्हाही सगळ्यांनी पत्ते टाकले. मग तर रोजच सुरू झालं. ती पैसे लावायची, हात ठेवायची, अंगठा नाचायचा आणि प्रूइट कुरकुरत माघार घ्यायचा. समोरचा शिगसुद्धा एकदा आर्डिथच्या हाताकडे बघायचा आणि गप्प पत्ते सरकवून द्यायचा. शिगने माघार घेणं ही मोठी गोष्ट होती. त्याला आजवर कुणी घाबरवलं नव्हतं.

बाई हवेत गेली. आपण नकळत हात हलवायला शिकलो, सदुसष्टाव्या वर्षी आपल्याला लबाडी जमायला लागली, असा तिने अर्थ लावला. सॅक्रामेंटोला मुलीला, नेडीनला फोन करून तिने ते सांगितलंही.

"मॉम, तू आता नाटकं करायला लागलीस?"

"टेबलावर बसलं की सगळं करावं लागतं, बाळ."

"मग इथे ये आणि मला करून दाखव. मागची खोली रिकामीच आहे."

"मागच्या खोलीत तू इस्त्री ठेव," आर्डिथ म्हणाली आणि हसत हसत फोन ठेवला.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तिच्या स्वयंपाकघरात उंदीर शिरला. ती वर्तमानपत्र वाचत बसली होती आणि जवळच कुठेतरी खुसफुस, खुसफुस ऐकू आली. तिने केरसुणी घेतली, सिंकखाली बघितलं, पिठाचा डबा हलवून बघितला. काही नाही. येऊन बसली. थोड्या वेळाने पुन्हा खुसफुस. अगदी जवळ. तिने नजर हळूहळू खाली आणली.

वर्तमानपत्रावर तिचा डावा हात होता. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत होते, चिमटीत पावाची बारीकशी गोळी वळावी तसे. त्या दोन बोटांखाली कागद वाजत होता.

ती गोळी तिने आधी बघितलेली होती. उत्तर डकोटातल्या घरी, चुलीजवळच्या खुर्चीत, तिची आई अशीच दिवसभर नसलेल्या पावाच्या गोळ्या वळत बसायची. आधी एक हात, मग दुसरा, मग पाय. मग चेहरा. आईचा चेहरा असा थिजला, की आनंद आणि दुखणं यातलं काहीच त्यावर उमटेना. टेबलावर तसा चेहरा मिळावा म्हणून लोक जीव टाकतात. आर्डिथने त्या चेहऱ्याला नऊ वर्षं चमच्याने सूप भरवलं होतं आणि हनुवटी पुसली होती. आई मेली तेव्हा तिला रडू आलं नाही, सुटल्यासारखं झालं, आणि त्या सुटकेची शरम ती अजून बाळगून होती.

"छे," ती मोठ्याने म्हणाली. "पत्त्यांची सवय आहे ही. दुसरं काय!"

पण जो माणूस नऊ वर्षं स्वतःची झाडाझडती घेतोय, त्याला एवढ्यावर झोप कशी येणार? दुसऱ्या दिवशी ती क्लबात गेली नाही. तिने पत्ते काढले, पिसले आणि रिकाम्या स्वयंपाकघरात एकटीच स्वतःला डाव वाटायला बसली. पाच पत्ते उचलायचे, बघायचे, उपडे ठेवायचे, त्यांवर हात ठेवायचा आणि वीस आकडे मोजायचे. गुलामांची जोडी: अंगठा हलला. दुर्री, पंजी, सत्ती, नव्वी, राणी, म्हणजे निव्वळ कचरा: अंगठा हलला. तीन अठ्ठ्या: हलला नाही. पुन्हा कचरा: हलला. पत्ते पिसताना आणि वाटताना मात्र हात दगडासारखा स्थिर, जसा ऑरिनला आवडायचा तसा. नुसता ठेवला, की हलायचा. विसाव्या डावाला तिने पत्ते न उचलता, न बघताच हात टेबलावर ठेवला. अंगठा हलला. त्याला पत्त्यांशी काही देणंघेणं नव्हतं.

ती उठली, दाराला कडी घातली, आणि घातल्यावर तिचं तिलाच कळेना, की आपण बाहेर कुणाला ठेवलंय.

हीच ती मे महिन्याची कोरी ओळ. 'आहे'त लिहावं तर खोटं. 'नाही'त लिहावं तर मग डॉक्टर, मग नेडीनला फोन, मग सॅक्रामेंटोची मागची खोली आणि इस्त्रीच्या टेबलाशेजारी एक खुर्ची. आपलं घर गेलं, खिडकीजवळचं टेबल गेलं, आणि नेडीनच्या हातात चमचा आला. मरणाला आर्डिथ फारशी घाबरत नव्हती. त्या चमच्याला घाबरत होती.

पुढचे दहा दिवस ती हात लपवत राहिली. दुकानात गेली की डाव्या हातावर पर्स ठेवायची. शेजारीण बोलायला आली की हात एप्रनच्या खिशात. आणि मनात एकच हट्ट धरून बसली: घरी एकटं बसून घेतलेली परीक्षा ही काय परीक्षा? घरात माणूस स्वतःला घाबरवतो. खरं काय ते टेबल सांगेल. तिथे कुणी कुणाची भीड ठेवत नाही. समोरचा काय लपवतोय ते शोधायला माणसं पदरचे पैसे लावून बसतात. दोन महिने त्या टेबलाने तिच्या हातावर विश्वास ठेवून पत्ते टाकले होते. प्रूइट बोलघेवडा, त्याचं सोडा. पण शिगसारखा माणूस फसेल? शिग ज्या अर्थी माघार घेतो, त्या अर्थी तो थरथरणारा हात पोकर खेळणारीचाच असला पाहिजे, आजारी बाईचा नाही. बुडत्या माणसाने काय काय धरावं, त्याला काही नियम नसतो.

मेच्या मध्यावर, एका मंगळवारी, दुपारच्या जेवणाआधी तो डाव आला. शिगने डाव उघडला, म्हणजे त्याच्याकडे निदान गुलामांची जोडी होती. त्याहून कमी असेल तर उघडताच येत नाही. आर्डिथकडे चार बदाम होते. प्रूइटही आला. बदलायची वेळ आली तेव्हा शिगने तीन पत्ते घेतले, प्रूइटने तीन, आर्डिथने एक. पाचवा बदाम आला असता तर डाव तिचा होता. आली इस्पिकची चौर्री.

हातात काहीच नव्हतं. शिगने "पास" म्हटलं. एरवी आर्डिथनेही तेच म्हटलं असतं. तिने लावता येईल तेवढं लावलं, पत्ते उपडे ठेवले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम, सगळ्यांना दिसेल असा, डावा हात त्यांवर ठेवला.

हात हलला. नुसता अंगठा नाही, मनगटापर्यंत. तिला वाटत होतं आपण समोरच्यांचे चेहरे वाचतोय, पण तिची नजर आपल्याच बोटांवर खिळली होती. देवा, पत्ते टाका रे, ती मनात म्हणत होती. दोघंही टाका.

प्रूइटने हाताकडे बघितलं, मग स्वतःच्या पत्त्यांकडे, आणि ते सरळच करून आपटले. दोन राजे, दोन छक्क्या. "घ्या! दोन जोड्या आहेत माझ्याकडे, दोन! आणि मी टाकतोय. गेल्या जन्मी मी तुझी वाईट हजामत केली असणार, आर्डिथ."

राहिला शिग. तो नेहमीसारखा एकदाच हाताकडे बघेल आणि पत्ते सरकवेल, असं तिला वाटलं. पण तो हाताकडे बघतच राहिला. मग त्याने वर, तिच्या तोंडाकडे बघितलं. मग दोन बोटांनी आपल्या पैशांच्या चकत्या पुढे ढकलल्या.

"बघतो," तो म्हणाला.

पोकरमध्ये हा शब्द दिवसातून शंभर वेळा ऐकू येतो. समोरच्याने पैसे भरून "बघतो" म्हटलं, की पत्ते उघडावेच लागतात. तिने पत्ते उलटे केले. चार बदाम आणि ती दळभद्री चौर्री.

"काय!" प्रूइट खुर्चीतून अर्धा उठला. "थाप? तू? थरथरत्या हाताने थाप मारलीस? बाई गं, हा गुन्हा आहे! आणि तू, शिग, तू कशावर बघितलंस?"

शिगने पत्ते ठेवले. गुलामांची जोडी. बाकी काही नाही.

आर्डिथ उठली. उशी खुर्चीवरच राहिली. कॉफीच्या काउंटरवर जाऊन तिने दोन्ही हात पर्सखाली दाबून धरले. थोड्या वेळाने शेजारच्या उंच स्टुलावर शिग येऊन बसला. त्याने तिची उशी आणली होती.

"कसं कळलं तुम्हाला?" तिने न बघता विचारलं.

शिगने आधी कॉफी मागवली. त्याला बोलायला नेहमीच वेळ लागायचा.

"मार्चमध्ये, मिसेस कोलस्टाड, तुम्ही इथेच बसला होतात. कॉफी प्यायलात, कप ठेवलात, हात बशीवर राहिला. बशीत चमचा वाजत होता." तो थांबला. "बशीत पत्ते नव्हते."

"मार्चमध्ये? म्हणजे मार्चपासून तुम्हाला ठाऊक होतं? आणि दोन महिने तुम्ही माझ्यासमोर पत्ते टाकत होतात?"

"हो."

"कसले पत्ते टाकलेत?"

"एकदा तीन दश्श्या होत्या."

"तीन दश्श्या!" ती एवढ्याने ओरडली, की काउंटरवरची मुलगी वळून बघायला लागली. "लाज नाही वाटली तुम्हाला? मी कुणी भिकारीण आहे? मी मुलीला फोन करून सांगितलं की मला लबाडी जमायला लागली! तुम्ही मला फसवलंत, शिग. त्या टेबलावर एक तुमच्यावर माझा विश्वास होता."

"चुकलं," शिग म्हणाला. "मला वाटलं, मी बघितलं तर तुम्हाला कळेल. कळू नये असं वाटलं."

"मग आज कशाला बघितलंत?"

"आज तुम्ही आमच्याकडे बघत नव्हतात. हाताकडे बघत होतात. तुम्ही विचारत होतात." त्याने खांदे जरासे उडवले. "विचारल्यावर काय करणार?"

आर्डिथला खूप काही बोलायचं होतं. त्याऐवजी तिचे डोळे भरून आले आणि तिला त्याचाच राग आला. तिने रुमाल शोधला, त्यासाठी पर्स उघडावी लागली, आणि डावा हात काउंटरवर उघडा पडला. चमचा नव्हता, पण हात वाजवायला काहीतरी शोधत असल्यासारखा हलत होता. दोघंही त्याच्याकडे बघत बसले.

"माझ्या थोरल्या भावाला होतं," शिग म्हणाला. "रोपं लावायचा. लावताना हात हलायचा नाही. रिकामा राहिला की हलायचा."

"किती वर्षं लावली?"

"बारा वर्षं, चांगली."

"आणि मग?"

शिगने कॉफीत बघितलं. "मग नाही," तो म्हणाला.

त्याने खोटं सांगितलं नाही. त्या एका गोष्टीसाठी तिने त्याला तीन दश्श्या माफ केल्या, पण ते त्याला लगेच सांगितलं नाही. "मला भीती वाटते, शिग," एवढंच म्हणाली. नवरा गेल्यापासून हे वाक्य तिने कुणापुढे उच्चारलं नव्हतं. "इतकी भीती वाटते की कधी कधी श्वास घ्यायला विसरते."

"हो," शिग म्हणाला. "गुरुवारी फुलांची गाडी लवकर परत येते. मी दहाला येतो. डॉक्टरकडे."

"मी येते असं म्हटलंय का?"

"नाही. मी येतो असं म्हटलंय."

"आणि पुन्हा कधी माझ्यासाठी चांगले पत्ते टाकलेत तर टेबल बदलेन, सांगून ठेवते."

"आता प्रत्येक वेळी बघणार," शिग म्हणाला.

गुरुवारी दहाला तो आला. गाडीत अजून फुलांचा आणि ओल्या बारदानाचा वास होता. दवाखान्यात परिचारिकेने आर्डिथला एक कागद भरायला दिला. नाव, वय, पत्ता तिने भरभर लिहिलं. 'तक्रार' या शब्दापुढची ओळ तिने कोरी ठेवली. तिला वाटलं, अजूनही उठून जाता येईल. शिग दाराशी बसलाय, पण तो काही धरून ठेवणारा माणूस नाही. तिचं नाव पुकारलं. शिग उठला नाही, फक्त तिची उशी मांडीवर घेऊन बसला, परत येणाऱ्या माणसाची खुर्ची राखावी तसा.

डॉक्टर तरुण होता आणि त्याने टाय लावला होता. त्याने कागद बघितला, कोरी ओळ बघितली.

"काय त्रास आहे, काहीच लिहिलं नाहीत?"

आर्डिथ खुर्चीत ताठ बसली होती. डावा हात मांडीवर, त्यावर पर्स, आणि पर्सवर उजव्या हाताचा सगळा जोर. पर्सची कडी बारीक आवाज करत होती. घरातली वही, चुलीजवळची आई, नेडीनची मागची खोली, सगळं एकदम तिच्या डोळ्यांपुढे आलं.

"बरं, नुसतं बघू," डॉक्टर म्हणाला.

बघतो म्हटल्यावर उघडावंच लागतं. आर्डिथने पर्स उचलून बाजूला ठेवली.